उद्यमबागेतून जर्मनीला: वर्क व्हिसासाठी पात्र कसं व्हायचं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत संध्याकाळची पाळी सुटली की चहाच्या गाड्यावर हल्ली जर्मनीचा विषय हमखास निघतो. कुणाचा मावसभाऊ गेलेला असतो, कुणाला एजंटने ‘सहा महिन्यांत पाठवतो’ म्हणून शब्द दिलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच पोरं माझ्याकडे कागद दाखवायला येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: ‘व्हिसाचा फॉर्म कुठं भरायचा?’

फॉर्म शेवटी येतो. त्याच्या आधी दीड-दोन वर्षांचं काम आहे, आणि पात्रता ठरते ती त्या कामात. ते काम मी इथे क्रमाने सांगतो. लेथ, सीएनसी, फिटिंग, इलेक्ट्रिकलची पोरं डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण आपल्या भागात तीच जास्त आहेत आणि चांगला सल्ला त्यांनाच सगळ्यात कमी मिळतो. इंजिनिअर आणि नर्सिंगवाल्यांसाठीही पुढे लिहिलंय.

पहिली पायरी: सगळ्या कागदांवर एकच माणूस

आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त अडतं ते इथे. घरात नाव मराठीत ठेवलं जातं, शाळेच्या दाखल्यावर मराठी किंवा कन्नडमध्ये लिहिलं जातं, आणि तिथून ते कुणीतरी कानाला लागेल तसं इंग्रजीत उतरवतं. कन्नडवरून इंग्रजी करताना ‘जाधव’च्या शेवटी एक ‘ए’ वाढतो. ‘परशराम’ एका कागदावर ‘परशुराम’ होतो. एका मार्ककार्डावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नाव आधी, आणि तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर.

माझ्या पुतण्याचे कागद टेबलावर मांडले तेव्हा पाच कागदांवर चार स्पेलिंगं निघाली. दहावीला एक, आयटीआयच्या सर्टिफिकेटला दुसरं, आधारला तिसरं, पीएफला चौथं. पासपोर्ट आधारवरून काढलेला होता. ते निस्तरण्यात आमचे सात महिने गेले. त्याला ओळखणाऱ्या कुणालाही तो एकच पोरगा आहे हे माहीत होतं, पण जर्मनीत न्यूरेंबर्गमध्ये बसून कागद तपासणारा माणूस त्याला ओळखत नाही.

म्हणून आधी एका कोऱ्या कागदावर तक्ता करा. उभ्या रकान्यात कागद लिहा: दहावीचं मार्ककार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआय किंवा डिप्लोमा, जन्मदाखला, आधार, पॅन, पीएफ, बँक पासबुक, पासपोर्ट. आडव्या रकान्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव. जे दिसतं ते अक्षर न अक्षर उतरवा. फरक दिसला की लाल पेनने गोल करा.

मग एक कागद पाया धरा. माझं मत विचाराल तर दहावीचं मार्ककार्ड. ते बदलणं सगळ्यात जिकिरीचं, आणि पुढची शैक्षणिक कागदपत्रं त्यावरूनच निघतात. आधार, पॅन, पीएफ, बँक आणि पासपोर्ट त्याच्याशी जुळवून घ्या. मात्र आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. सेंटरवर जाण्याआधी नेमकं स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि पावतीवर अक्षर न अक्षर वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. दहावीच्याच मार्ककार्डात चूक असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे अर्ज जातो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते आजच सुरू करा. एखाद्या अक्षराचाच फरक असेल आणि तो कागद बदलणं शक्य नसेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र जोडतात. पण ते ठिगळ आहे. पाच कागदांना पाच ठिगळं लावून कुणाचं समाधान होत नाही.

गावाच्या नावाची काळजी मात्र करू नका. इंग्रजीत ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ १ नोव्हेंबर २०१४ पासून झालं. जुन्या कागदांवर जुनं नाव असणारच. फॉर्ममध्ये पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहा.

दुसरी पायरी: आपलं शिक्षण तिथे कशात मोडतं

जर्मनीचा कुशल कामगारांचा कायदा २०२० मध्ये आला आणि २०२३-२४ मध्ये बराच सैल झाला. तरी एक अट जवळजवळ प्रत्येक रस्त्यावर उभी आहे: शिक्षण निदान दोन वर्षांचं आणि आपल्या देशात सरकारमान्य हवं.

इथे आयटीआयवाल्यांनी थांबून बघायला हवं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, म्हणजे ही अट पुरी होते. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. हात कितीही चांगला असला तरी नुसत्या एक वर्षाच्या सर्टिफिकेटवर पुढचे रस्ते उघडत नाहीत. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडे उत्तम वेल्डर आहेत. पण दोन लाख रुपये घालवल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. तीन वर्षांचा डिप्लोमा असेल तर या बाबतीत अडचण नाही.

आता रस्ते बघूया.

पहिला, पूर्ण मान्यतेचा. न्यूरेंबर्गमधलं ‘आयएचके फोसा’ हे कार्यालय औद्योगिक ट्रेडचं परदेशी शिक्षण जर्मन शिक्षणाशी ताडून बघतं. फी साधारण १०० ते ६०० युरोच्या दरम्यान येते. पूर्ण मान्यता मिळाली तर ४५ वर्षांखालच्या माणसाला ठरावीक पगाराची अट राहत नाही. आपल्या आयटीआयला सरळ पूर्ण मान्यता मिळणं अवघड आहे, बहुधा अर्धवट मिळते. पण अर्धवट मान्यतेचा कागदही कामाचा असतो, तो कसा ते पुढे चौथ्या रस्त्यात, चान्सनकार्टेत, बघू.

दुसरा, अनुभवाचा. मार्च २०२४ पासून हा खुला आहे आणि आपल्या कारखान्यातल्या पोरांना सगळ्यात जवळचा आहे. दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, गेल्या पाच वर्षांत निदान दोन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव, आणि हातात जर्मन नोकरीचा करार. जर्मन मान्यता लागत नाही. अट पगाराची आहे: २०२५ मध्ये वर्षाला निदान ४३,४७० युरो, २०२६ मध्ये ४५,६३०. हा आकडा तिथल्या पेन्शन वर्गणीच्या कमाल मर्यादेवरून निघतो आणि दर १ जानेवारीला बदलतो. कारखान्यात कामगार संघटनेशी ठरलेला सामूहिक वेतनकरार लागू असेल तर याहून कमी पगारही चालतो. पगार ढोबळ आहे हे विसरू नका. कर, आरोग्यविमा, पेन्शन कापून हातात बरेच कमी येतात.

तिसरा, मान्यतेच्या भागीदारीचा. दोन वर्षांचं शिक्षण, ए-टू पातळीचं जर्मन (पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात) आणि करार. तिथे पोचल्यावर काम करत-करत मालकाच्या मदतीने मान्यता पुरी करायची. भाषेत थोडी मेहनत घेणाऱ्या तरुण पोराला मी हाच सुचवतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्याला, तसंच चान्सनकार्टेलाही, आपलं शिक्षण भारतात सरकारमान्य असल्याचा दाखला लागतो. तो बॉनमधलं ‘झेडएबी’ हे कार्यालय ऑनलाइन अर्जावर देतं.

चौथा, चान्सनकार्टे, म्हणजे नोकरी शोधायला जाण्याचा परवाना. १ जून २०२४ पासून तो मिळू लागला. दोन वर्षांचं शिक्षण आणि ए-वन जर्मन किंवा बी-टू इंग्रजी ही किमान अट, त्यावर सहा गुण जमवायचे. ३५ च्या आत वय असेल तर २ गुण, ३५ ते ४० असेल तर १. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असेल तर ३, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा असेल तर २. जर्मन ए-टूला १, बी-वनला २, बी-टूला ३. तिथे टंचाई असलेल्या यादीतलं काम असेल तर १. अर्धवट मान्यतेचा कागद असेल तर थेट ४.

उदाहरण घ्या. मच्छेचा २७ वर्षांचा टर्नर, दोन वर्षांचं आयटीआय, पाच वर्षं सीएनसीवर. वयाचे २, अनुभवाचे ३, ए-टू झालं की १. झाले सहा. त्याच शॉपमधला ३८ वर्षांचा माणूस: वयाचा १, अनुभवाचे ३, मग बी-वनचे २ मिळवल्याशिवाय सहा होत नाहीत. म्हणजे वय वाढलं की भाषा वाढवावी लागते.

या कार्डावर वर्षभर राहता येतं, आठवड्याला २० तास काम करता येतं. पण वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते: २०२५ मध्ये महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२. युरो १०० रुपयांना धरला तर १३ लाखांच्या वर. ते एका बंद खात्यात ठेवतात आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला बाराव्या हिश्शाने परत मिळतात. पैसे आपलेच, पण एकदम उभे करावे लागतात. त्यासाठी शेत गहाण ठेवायला किंवा पतसंस्थेचं कर्ज काढायला निघालेल्यांना मी हात जोडून थांबवतो. करार हातात घेऊन गेलात तर बंद खातं लागत नाही. म्हणून आधी पहिले तीन रस्ते झिजवा.

इंजिनिअर मंडळींनी आपलं विद्यापीठ ‘अनाबिन’ या जर्मन यादीत बघावं. कॉलेजचं नाव शोधू नका, पदवी देणारं विद्यापीठ शोधा: विश्वेश्वरय्या, राणी चन्नम्मा, कर्नाटक विद्यापीठ, किंवा कोल्हापूरला शिकला असाल तर शिवाजी. त्यापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्य संस्था असा शेरा असेल आणि पदवीचा प्रकारही जुळत असेल तर अर्धं काम झालं. ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्यासाठी, २०२५ मध्ये ४८,३०० युरो पगार लागत होता, टंचाईच्या क्षेत्रात आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ४३,७५९ युरो ८० सेंट.

नर्सिंगचं गणित वेगळं. हा तिथे परवान्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे त्या-त्या जर्मन राज्याची मान्यता घ्यावीच लागते, भाषा बी-टूपर्यंत न्यावी लागते, आणि जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्यांना बहुधा तिथे जाऊन पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानचाचणी द्यावी लागते. एक लक्षात ठेवा: प्रामाणिक नर्स भरतीत खर्च हॉस्पिटल करतं. नर्सकडून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

तिसरी पायरी: अनुभव कागदावर आणणं

आपल्याकडे काम उत्तम होतं, पण त्याचा माग राहत नाही. छोट्या वर्कशॉपमध्ये पगार पाकिटात मिळतो. २० पेक्षा कमी कामगार असतील तर पीएफचा कायदा लागू होत नाही, म्हणून पीएफही नसतो. पाच वर्षांनी पोरगं येतं आणि त्याच्या हातात असतं ते मालकाचं दोन ओळींचं पत्र: ‘सदर इसम आमच्याकडे काम करीत होता, वर्तणूक चांगली.’

या पत्राने काहीच सिद्ध होत नाही. असं मागा: लेटरहेडवर, इंग्रजीत, कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पद. त्याखाली काम सविस्तर. कोणती मशीन, व्हीएमसी की टर्निंग सेंटर. कंट्रोलर कोणता, फानुक की सीमेन्स. कोणता माल, कास्ट आयर्न की अ‍ॅलॉय स्टील. प्रोग्रॅम स्वतः करता की नुसता जॉब लावता. ड्रॉइंग वाचता का, मायक्रोमीटर-बोअर गेजने किती टॉलरन्सपर्यंत तपासणी करता. हायड्रॉलिक पंपाच्या बॉडीचं बोअर ०.०२ मिलिमीटरमध्ये धरणारा माणूस आणि मशीनला माल लावणारा हेल्पर, यांतला फरक जर्मन फोरमनला याच ओळींतून कळतो. मालकाला लिहायला वेळ नसेल तर तुम्ही मसुदा करून न्या. खरं असेल तेवढंच लिहा, कारण मुलाखतीत ड्रॉइंग समोर ठेवतात.

आणि या महिन्यापासून पगार बँकेत घ्या. रोख मिळत असेल तर मालकाला विनंती करा. पत्राच्या तारखा आणि बँकेतल्या नोंदी जुळल्या की अनुभवावर शंका घेता येत नाही.

चौथी पायरी: भाषा

कायद्याने अनुभवाच्या रस्त्याला जर्मन लागत नाही. व्यवहारात लागतं. सेफ्टीची सूचना, शिफ्टचा निरोप, डॉक्टर, घरमालक, सगळं जर्मनमध्येच.

ए-वनला साधारण ८० ते २०० तास, बी-वनला ३५० ते ६५० तास शिकवणी धरतात, तास ४५ मिनिटांचा. पाळी करून रोज दीड तास दिलात तर ए-टूला आठ-दहा महिने लागतात. सर्टिफिकेट गोएथे, टेल्क किंवा ओएसडीचंच घ्या. क्लासचं स्वतःचं सर्टिफिकेट दूतावासात चालत नाही. गोएथेची परीक्षा मॅक्सम्युलर भवनात होते. पुणं आणि बेंगळूर, दोन्हीकडे केंद्र आहे, आणि परीक्षेला राज्याची अट नाही. निपाणीवाल्याला पुणं सोयीचं पडत असेल तर पुण्याला द्या.

मराठी माणसाला जर्मनमध्ये एक फायदा आहे. तिथे प्रत्येक नामाला तीनपैकी एक लिंग असतं. इंग्रजी माध्यमवाले तिथे चाचपडतात, आपण मात्र लहानपणापासून तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल म्हणतच आलोय. जर्मनमध्ये चमचा ‘तो’, काटा ‘ती’ आणि सुरी ‘ते’, एवढंच नव्याने पाठ करायचं. ‘कारण’, ‘की’ लावून जोडलेल्या पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्या सवयीचं. घरी मराठी, बाजारात कन्नड, शॉपवर हिंदी बोलणाऱ्या पोरांना मी सांगतो की तुम्हाला चौथी भाषा जड नाही.

पाचवी पायरी: नोकरी

जर्मन सरकारचं ‘मेक इट इन जर्मनी’ हे संकेतस्थळ आणि तिथल्या रोजगार कार्यालयाचं जॉब पोर्टल, दोन्ही फुकट आहेत. बायोडेटा दोन पानांचा, तारखा महिना-वर्षासह, मध्ये रिकामी जागा न सोडता. घरी शेती बघितली असेल तर ते लिहा.

ऑफर आली की चार गोष्टी तपासा. कंपनी जर्मनीच्या व्यापारी नोंदवहीत आहे का, ती ऑनलाइन फुकट बघता येते. मेल कंपनीच्या पत्त्यावरून आलाय की जीमेलवरून. करारात ढोबळ पगार, आठवड्याचे तास, रजा आणि कामाचं ठिकाण लिहिलंय का. आणि तुमच्याकडून पैसे मागितलेत का. खानापूरकडच्या एका ओळखीच्या घरातून अडीच लाख गेले. ऑफर लेटरवर सुंदर शिक्का होता, पण तास आणि पगार कुठेच नव्हता.

परदेशातल्या नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र खात्याकडे नोंदणी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नावानिशी दिसते. उमेदवाराकडून त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर शुल्क घेता येत नाही. आखाताला जाणाऱ्यांनीही हेच बघावं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला तिथल्या देशांसाठी उत्प्रवास मंजुरीही लागते. ‘टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे बदलून देतो’ म्हणणाऱ्याला पासपोर्ट दाखवूही नका.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच्या बातम्या आपण मराठी पेपरात वाचल्या आणि बऱ्याच पोरांनी आशा धरली. ती योजना महाराष्ट्र सरकारची आहे आणि आपला पत्ता कर्नाटकातला. तिच्याकडे डोळे लावून वर्ष घालवू नका. वर सांगितलेल्या रस्त्यांना कुठलीच योजना लागत नाही.

सहावी पायरी: अर्ज

अर्ज कुठे करायचा ते राहत्या पत्त्यावरून ठरतं. कर्नाटकातला पत्ता असेल तर बेंगळूरचा जर्मन वाणिज्य दूतावास. बेळगाव असो, कारवार असो की बिदर, सगळ्यांना तोच. चंदगडचा पोरगा रोज बेळगावात कामाला येत असला तरी त्याचा पत्ता महाराष्ट्रातला, त्याला मुंबई. जवळ म्हणून मुंबईला कागद लावू नका, परत येतात.

२०२५ पासून अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. कागद अपलोड करायचे, ते तपासून झाले की बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी बेंगळूरची वेळ मिळते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघालात तर सकाळी पोचता, पण एक दिवस आधी जा. कराराबरोबर मालकाने भरलेला नोकरीच्या तपशिलाचा सरकारी फॉर्म लागतो, तो मालकाकडून वेळेत मागवा. व्हिसाची फी ७५ युरो.

मालक घाईत असेल तर त्याला वेगवान प्रक्रियेबद्दल विचारा. तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून तुमच्यासाठी आगाऊ मंजुरी काढतो. ती आली की तीन आठवड्यांत वेळ मिळते, आणि कागद पुरे असतील तर साधारण आणखी तीन आठवड्यांत निर्णय.

पासपोर्ट परत आला की पाकीट फोडून व्हिसाचं स्टिकर तिथेच वाचा: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, कधीपासून कधीपर्यंत, आणि खाली शेऱ्यात मालकाचं नाव. चूक असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी दूतावासाला कळवा. पुतण्याच्या स्टिकरवरचं नाव आम्ही दहावीच्या मार्ककार्डाशेजारी ठेवून बोट फिरवत वाचलं, एकेक अक्षर. सगळी जुळली, तेव्हा त्याच्या आईने मार्ककार्ड पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं.